कुलाब्याचे रात्रीचे वेध आणि पृथ्वीचा गाभा



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या नावाने होणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मी भूशास्त्रज्ञ नव्हे. विज्ञानाच्या इतिहासाचा मी एक साधा अभ्यासक आहे, आणि त्या नात्यानेच आजचा विषय मांडणार आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग केलेला असेल. पट्टीचुंबक दोऱ्याला आडवा टांगायचा, तो स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि त्याचे एक टोक उत्तरेकडे वळते, हे वहीत लिहायचे. या प्रयोगाला पाच गुण असत आणि ते बहुधा सर्वांना मिळत. परंतु तो चुंबक उत्तरेकडे का वळतो, असा प्रश्न पुढे रेटला, तर तो आपल्याला थेट पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोल घेऊन जातो. आपला भारत देश पूर्व-पश्चिम साधारण तेवढाच रुंद आहे. म्हणजे कच्छच्या टोकापासून अरुणाचलच्या टोकापर्यंतचे अंतर उभे करून जमिनीत रोवावे, तेव्हा ज्या जागी आपण पोहोचू, तेथून पृथ्वीचा वितळलेल्या लोखंडाचा गाभा सुरू होतो. आजवर कोणी तेथे गेलेले नाही आणि कोणी जाईल असेही दिसत नाही. रशियाने कोला द्वीपकल्पावर कित्येक वर्षे खणून जे भोक पाडले, त्याची सर्वांत अधिक खोली १९८९ मध्ये १२,२६२ मीटर भरली. बारा किलोमीटर, आणि जायचे आहे २,९०० किलोमीटर!

मग तेथील गोष्टी माणसाला कळल्या कशा? दूरदूरच्या ठिकाणी बसलेल्या, एकमेकांना कधीही न पाहिलेल्या आणि पुष्कळदा अगदी कोवळ्या वयाच्या माणसांनी आपापल्या जागेवरचे वेध चिकाटीने घेतले व ते अनोळखी माणसांच्या हवाली केले, हे त्याचे उत्तर आहे. त्या माणसांत एक मराठी मुलगा होता. इतिहासाच्या पुस्तकांत तो गणिती, ज्योतिषी आणि लोकमान्य टिळकांचा गुरू म्हणून येतो. त्याची ही वर्षे मात्र बहुधा एका वाक्यात उरकली जातात. आजचे व्याख्यान मुख्यतः त्या एका वाक्याविषयी आहे.

प्रथम पार्श्वभूमी सांगणे अगत्याचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होकायंत्रावाचून जहाज हाकता येत नसे आणि होकायंत्र तर खरी उत्तर दाखवीत नसे. त्याचा खऱ्या उत्तरेपासूनचा कल, ज्याला आपण दिक्पात म्हणतो, स्थळानुसार बदलतो, वर्षानुवर्षे बदलतो, इतकेच काय, सकाळ-दुपारही बदलतो. या बदलाचे मूळ कोठे आहे? आकाशात, वातावरणात की पृथ्वीच्या पोटात? जर्मनीतील गटिंगेनचा विख्यात गणिती गाऊस याने हा प्रश्न हाती घेतला. त्याच्या मदतीला विल्हेल्म वेबर हा पदार्थविज्ञानाचा तरुण प्राध्यापक होता. १८३१ मध्ये तो गटिंगेनला आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. (पुढे १८३७ मध्ये राजाने राज्यघटना मोडल्याचा निषेध केल्याबद्दल ज्या सात प्राध्यापकांना काढून टाकले, त्यांत हा वेबर होता. नोकरी गेली, पण गाऊसबरोबरचे काम त्याने सोडले नाही.) या दोघांनी 'चुंबकीय मंडळ' स्थापन केले. वर्षातून ठरावीक दिवशी, गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, सर्व सभासद वेधशाळांनी चोवीस तास दर पाच मिनिटांनी चुंबकसूचीची नोंद घ्यायची, असा त्याचा नियम होता. एका दिवसाच्या २८८ नोंदी झाल्या. सर्व नोंदी गटिंगेनला जात, तेथे त्यांचे आलेख एकाखाली एक छापले जात आणि सर्वांना परत मिळत.

१८३९ मध्ये गाऊसने भूचुंबकत्वाचा आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला. जगभरातून मिळालेल्या मापनांवरून त्याने चोवीस सहगुणक काढले आणि गणिताने दाखवून दिले, की या चुंबकत्वाचे उगमस्थान जवळजवळ संपूर्णपणे पृथ्वीच्या आत आहे. माझ्या मते पृथ्वीच्या अंतरंगाच्या शास्त्राचा खरा प्रारंभ येथे होतो. पृष्ठभागावर बसून केवळ आकड्यांच्या जोरावर आतले काही निश्चितपणे सांगता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. परंतु गाऊसच्या हाती असलेली मापने युरोपात दाट आणि इतरत्र अतिशय विरळ होती. विषुववृत्ताच्या आसपासचा आणि दक्षिणेचा प्रदेश तर जवळजवळ कोराच होता. ती पोकळी भरण्यासाठी हुम्बोल्टने १८३६ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले होते. त्यातून ब्रिटिश सरकार व ईस्ट इंडिया कंपनी यांनी आपापल्या मुलखांत वेधशाळा उघडण्याचे ठरविले. कंपनीच्या वाट्याला सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई ही ठाणी आली.

या योजनेत नेमलेले लोक बहुतेक तरुण होते. सेंट हेलेना बेटावर पाठविलेला तोफखान्याचा अधिकारी लेफ्रॉय १८४० मध्ये तेवीस वर्षांचा होता. पुढे १८४३-४४ मध्ये त्याने कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशात हजारो मैल फिरून चुंबकीय मोजणी केली. त्याची चरित्रे लिहिली गेली, त्याची चित्रेही काढली गेली. मुंबईच्या ठाण्यावर जो मुलगा दाखल झाला, तो लेफ्रॉयहूनही आठ वर्षांनी लहान होता.

त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. जन्म १६ मे १८२५ रोजी अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे त्याचे संगोपन चुलते सदाशिव काशिनाथ, म्हणजेच मराठी गद्याच्या आरंभकाळातील लेखक बापू छत्रे, यांनी मुंबईस केले. एल्फिन्स्टन संस्थेत त्याला बाळशास्त्री जांभेकर आणि प्रा. ऑर्लिबार हे शिक्षक लाभले. कुलाबा वेधशाळा कंपनीने १८२६ मध्ये खगोलीय वेधांसाठी व जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून बांधली होती. १८४१ पासून तेथे चुंबकीय वेध सुरू झाले, आणि या कामाची जबाबदारी ऑर्लिबार यांच्याकडे होती. त्यांनी आपल्या या विद्यार्थ्याला साहाय्यक म्हणून घेतले. तेव्हा केरूनानांचे वय पंधरा-सोळा वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने दहावीतला मुलगा!

हे काम कसे असे, याची थोडी कल्पना द्यावीशी वाटते. रेशमाच्या न पिळलेल्या धाग्याला एक जड पोलादी चुंबक आडवा टांगलेला असे. त्यावर छोटा आरसा बसविलेला असे. काही फुटांवर दुर्बीण आणि तिच्याजवळ एक मोजपट्टी असे. निरीक्षकाने दुर्बिणीतून आरशात पाहायचे. आरशात मोजपट्टीचे प्रतिबिंब दिसे आणि चुंबक केसभर हलला तरी प्रतिबिंबातला आकडा सरके. हा झाला दिक्पाताचा चुंबक. दुसरा दोन धाग्यांवर ताणून टांगलेला असे, त्यावरून आडव्या दिशेतील बल कळे. तिसरा तराजूच्या दांडीसारखा धारेवर तोललेला असे, त्यावरून उभ्या दिशेतील बल कळे. तिन्ही वाचायचे, वेळ लिहायची, उष्णतामान लिहायचे आणि पुन्हा पहिल्याकडे वळायचे. खिशात किल्ली, चाकू किंवा लोखंडाचा कसलाही तुकडा असता कामा नये. घड्याळ तर या योजनेतल्या वेधशाळांत गटिंगेनच्या वेळेशी बांधलेले! गटिंगेनला मध्यरात्रीचे बारा वाजत, तेव्हा मुंबईत पहाटेचे चार वाजून अकरा मिनिटे होत. अरबी समुद्राच्या काठी, दिव्याच्या उजेडात, ज्या गावाचे नावही उच्चारायला कठीण अशा गावाच्या घड्याळाप्रमाणे जागायचे आणि आकडे लिहायचे, असे ते काम होते.

केरूनानांच्या मनात त्या रात्री काय चालत असेल, याविषयी काही लिहिणे मला योग्य वाटत नाही. तो कादंबरीकाराचा प्रांत आहे. पण एवढे म्हणता येईल, की या कामातून स्वतःचा शोध असे काही निघण्याजोगे नव्हते. एका ठिकाणचे आकडे एकटे मुके असतात. ते बोलू लागतात ते दुसऱ्या ठिकाणच्या आकड्यांशेजारी ठेवल्यावर आणि पुष्कळदा पन्नास-शंभर वर्षांनंतर. आज आपण तरुण संशोधकांना सांगतो, की लवकर स्वतःचे नाव करा. त्या नोंदवहीत नाव करण्यासारखी जागाच नव्हती. आणि तरीही कुलाब्याला सुमारे दहा वर्षे काढलेला हा मुलगा पुढे मोठा गणिती झाला. १८५१ च्या सुमारास तो पुण्यास अध्यापक म्हणून गेला, १८६० मध्ये त्याची ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध झाली, सूर्यावरील डाग आणि हवामान यांच्या संबंधाचा विचार त्याने केला, आणि टिळक-आगरकरांसारखे विद्यार्थी त्याच्या हाताखाली शिकले. रावबहादूर केरूनाना १९ मार्च १८८४ रोजी निवर्तले. कोष्टके करण्याची, आकड्याला आकडा पडताळून पाहण्याची ही त्यांची वृत्ती कुलाब्याच्या रात्रींत घडली असावी, असे मला वाटते. त्यांचे गुरू बाळशास्त्री १८४६ मध्येच, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले होते. त्याच १८४६ पासून कुलाब्याच्या नोंदींची अखंड, नियमित मालिका धरली जाते.

सिंगापूर व सिमला ही ठाणी काही वर्षांतच बंद पडली. मुंबईचे टिकले. ते टिकले म्हणून काय झाले, याचे एक उदाहरण सांगून पुढे जातो. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या खगोलवेत्त्याने सूर्यबिंबावर अकस्मात प्रखर प्रकाश पाहिला आणि दुसऱ्या दिवशी जगभर चुंबकीय वादळ उसळले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली. कुलाब्याला तेव्हा नोंदी अजून डोळ्यांनीच घेतल्या जात. छायाचित्रणाने आपोआप नोंद करणारी यंत्रे तेथे १८७२ च्या सुमारास आली. वादळ सुरू झाल्यावर निरीक्षकांनी नोंदी अधिक दाट घेतल्या. त्या कागदांवरून २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व त्यांचे भारतीय आणि परदेशी सहकारी यांनी दाखविले, की कुलाब्याला आडवे बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे शंभरात चार भाग, खाली आले होते. इतक्या कमी अक्षांशावरची त्या वादळाची दुसरी अशी नोंद मिळणे दुर्मीळ. हे वादळ सूर्याचे होते, गाभ्याचे नव्हे. परंतु गाभ्यातून येणारा मंद बदल ओळखायचा, तर सूर्याकडून येणारी ही खळबळ प्रथम वेगळी काढावी लागते, आणि त्यासाठी वर्षानुवर्षांची अखंड शृंखला हवी असते.

ती शृंखला तुटण्याचा प्रसंग विसाव्या शतकाच्या आरंभी आला. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. १९०० मध्ये ती विजेवर चालविण्याचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत पसरतो आणि संवेदनशील चुंबक त्याने थरथरतात. शहराला ट्राम हवी होती आणि ते योग्यच होते. पण साठ वर्षांच्या नोंदींचे काय? त्या वेळी वेधशाळेचे संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे होते. १८५९ मध्ये, म्हणजे त्या वादळाच्याच वर्षी जन्मलेले हे पारशी गृहस्थ एडिंबरो येथे शिकले आणि १८९६ मध्ये वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांनी नवी जागा शोधली: कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटरवरचे समुद्रकाठचे अलिबाग. चुंबकीय अंश नसलेल्या, पोरबंदरहून आणलेल्या दगडाची इमारत तेथे उठली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे त्यांनी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. नंतरच कुलाब्याचे चुंबक थांबविले. मुंबईत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली.

ही दोन वर्षांची दुहेरी नोंद मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. नुसती इमारत हलविली असती, तर जुन्या आणि नव्या आकड्यांत जो फरक पडतो तो जागेचा की काळाचा, हे कोणालाही कधी कळले नसते. मूस यांनी दोन्ही जागांमधला फरक मोजून ठेवला आणि साठ वर्षांचे धागे पुढच्या शतकाला बांधून दिले. १९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याची सर्व मापने दोन खंडांत छापून जगासमोर ठेवली. गंमत अशी, की अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्याचे नावही कुलाबाच, आणि १९८१ पर्यंत त्या जिल्ह्याचेही. वेधशाळा एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्यास गेली आणि केरूनानांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी त्यांच्या जन्मगावाच्या शेजारीच येऊन वसली.

इकडे चुंबकाचे आकडे साठत असताना पृथ्वीच्या पोटाची दुसरी वाट भूकंपांनी उघडली, आणि तिचाही एक धागा आपल्या देशातून जातो. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रलयंकारी भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा तपास केला आणि युरोपातील यंत्रांवर उमटलेल्या नोंदींत लाटांचे तीन प्रकार वेगळे ओळखले. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कुलाबा वेधशाळेतही मिल्नचे भूकंपमापक बसले. १९०६ मध्ये ओल्डहॅम यांनी भूकंपलहरींच्या आधारे पृथ्वीला स्वतंत्र गाभा आहे असे सांगितले. १९२६ मध्ये जेफ्रीज यांनी तो द्रवरूप असल्याचे दाखविले. आणि १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी त्या द्रवाच्या आत, सुमारे ५,१५० किलोमीटर खोलीवर, आणखी एक आंतरगाभा असल्याचे सिद्ध केले. लेहमन यांच्या हातीही दूरच्या वेधशाळांनी पाठविलेले कागदच होते. न्यूझीलंडमधील १९२९ च्या भूकंपाचे ते कागद. वितळलेल्या लोखंडाच्या खळबळीतून चुंबकत्व निर्माण होऊ शकते हा विचार १९१९ मध्ये लार्मर यांनी मांडला होता. १९४० च्या दशकात एल्सासर व बुलार्ड यांनी त्याला गणिती रूप दिले. केरूनानांनी दुर्बिणीतून ज्या आकड्यांचे सरकणे टिपले, त्यातला वर्षानुवर्षांचा मंद भाग कोठून येत होता, हे अशा रीतीने शंभर वर्षांनी कळले.

आता आपल्या गावाकडे येतो. पलसाणा तालुक्यातली जमीन तापी आणि मिंढोळा यांच्या गाळाची. उसाला आणि कापसाला मानवणारी ही काळी माती मुळात दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, झीज होऊन आलेली. तापीने ती खानदेशातून इकडे वाहून आणली. मागाहून उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातली माणसेही त्याच वाटेने इकडे आली. या सभागृहातील अनेकांची घरे त्याची साक्ष देतील. पूर्वेला सोनगड-डांगकडे गेले, की तो पाषाण उघडा दिसू लागतो. हा शिलारस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उसळला आणि थिजताना त्यातील लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळच्या चुंबकीय दिशेची नोंद कायमची धरून ठेवली. म्हणजे दख्खनचा प्रत्येक कडा ही एक जुनी नोंदवहीच आहे. चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवावर उभी होते. म्हणून दगडातील नोंदीचा झुकाव मोजला, तर तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला हे सांगता येते.

ही नोंदवही वाचण्याचा पहिला प्रयत्न एका विद्यार्थ्याने केला. एडवर्ड आयर्व्हिंग, जन्म १९२७. १९५१ मध्ये केम्ब्रिजला संशोधन करीत असताना भारत खरोखरच दक्षिणेकडून सरकत आला आहे का, हे दगडांवरून तपासावे असे त्याच्या मनात आले. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्याला भारतातून दख्खनच्या पाषाणाचे मोजके नमुने मिळवून दिले. नमुन्यांनी सांगितले, की भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता आणि हजारो किलोमीटर उत्तरेकडे आला. १९५४ मध्ये त्याचा प्रबंध परीक्षकांनी नापास केला. खंड सरकतात ही कल्पना त्या काळी बहुतेक विद्वानांना वेडगळपणाची वाटे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. पदवीवाचून तो ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेला आणि तेथे काम करीत राहिला. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स या लंडनच्या संशोधकांनी दख्खनच्या खडकांवरील स्वतंत्र मापने प्रसिद्ध केली व तोच निष्कर्ष दिला. केम्ब्रिजने आयर्व्हिंगला १९६५ मध्ये डॉक्टरेट दिली; तीही त्याच्या पुढच्या साऱ्या कामाबद्दलची वरची पदवी होती, तो प्रबंध मात्र नापासच राहिला.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम सुरू झाले. तेथील सी. राधाकृष्णमूर्ती व पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या खडकांचे चुंबकत्व मोजले. पाषाणातील चुंबकीय खनिजे ओळखण्यासाठी लागणारे यंत्र एस. डी. लिखिते यांनी त्या दोघांच्या साथीने तयार करून १९६५ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सहस्रबुद्धे आणि लिखिते ही नावे महाराष्ट्रातल्या शाळांत कोणी घेत नाही. उपकरण बनविणाऱ्याला आपल्याकडे शास्त्रज्ञ म्हणण्याची पद्धत नाही. ती असावी, असे माझे मत आहे.

फ्रान्समधील व्हिन्सेंट कूर्तियो यांच्या कामात या दोन्ही नोंदवह्या एकत्र येतात. १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी ड्युक्रुइ आणि ल म्वेल या सहकाऱ्यांसह युरोपातील वेधशाळांच्या जुन्या मापनांवरून दाखविले, की १९६९-७० च्या सुमारास चुंबकीय बदलाचा वेग अचानक पालटला होता. गाभ्यातील प्रवाहाने जणू एक हिसका दिला होता. असे हिसके जगभर कसे जाणवतात, हे शोधताना अलिबागची शृंखलाही उपयोगात आली. तेच कूर्तियो पुढे दख्खनच्या कड्यांवर आले आणि १९८६ मध्ये आपल्या चमूसह त्यांनी मांडले, की हा सारा शिलारस भूशास्त्रीय दृष्टीने फार थोड्या काळात, डायनोसॉर नाहीसे झाले त्याच सुमारास बाहेर पडला. हे दोन वेगळे विषय आहेत असे आपल्याला वाटते. चुंबक वाचणाऱ्याला तसे वाटत नाही.

पलसाण्याच्या खाली प्रत्यक्ष काय आहे, असे कोणी विचारील. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे कैला, कृष्णा व मल्ल यांनी मेहमदाबाद ते बिलिमोरा या रेषेवरील खोल भूकंपीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. ही रेषा आपल्याच पट्टीतून जाते. जमिनीत भोके पाडून सुरुंग उडवायचे आणि खालून परतणारे कंप दूरवर मांडलेल्या यंत्रांनी टिपायचे, अशी ती पद्धत. खंबातच्या खोऱ्याखाली पृथ्वीचे कवच तीस किलोमीटरांच्या किंचित पलीकडे संपते, असे त्यातून दिसले. भूखंडांखाली ते साधारणपणे ३५ ते ४० किलोमीटर असते. म्हणजे इकडे ते थोडे ताणून पातळ झालेले आहे. कोयनेला, जेथे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने महाराष्ट्र हादरला, तेथे गोठणे येथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल भोक पूर्ण झाले. सुमारे साडेबाराशे मीटरांपर्यंत काळा पाषाण लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट. तेथील दगडांचे नमुने आणि मोजमापे कराडच्या प्रयोगशाळेत अभ्यासली जातात, आणि त्यावर काम करणाऱ्यांत विद्यापीठांतून नुकतेच बाहेर पडलेले तरुण पुष्कळ आहेत.

माझे अखेरचे सांगणे अलिबागविषयी आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली आणि अलिबागची वेधशाळा तिच्याकडे आली. तेथील मिनिटामिनिटाचे आकडे आता जगातील वेधशाळांच्या जाळ्यात जातात आणि कोणत्याही देशातील विद्यार्थ्याला ते घेता येतात. ज्या मापनासाठी पूर्वी रात्रभर जागावे लागे, ते यंत्र आपोआप घेते. तरीही एक काम अजून माणसालाच करावे लागते. यंत्राची पातळी काळानुसार ढळते, म्हणून ठरावीक दिवशी कोणीतरी त्या दगडी इमारतीत जातो, खिशातील किल्ल्या आणि घड्याळ बाहेर काढून ठेवतो, दुर्बिणीला डोळा लावतो आणि दिक्पात व नती हाताने मोजून लिहितो. नागाव तेथून काही कोसांवर आहे.